शेवटच्या नळाचे पाणी

नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघणारे पाणी आणि त्याच गावाच्या टोकाच्या गल्लीत नळाला येणारे पाणी, ही दोन वेगळी पाणी आहेत. पहिल्याचा तपासणी अहवाल असतो. त्यावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा असतो आणि गढूळ पाण्याची बाटली घेऊन तक्रारीला आलेल्या माणसाला तोच कागद दाखवला जातो. कागद खोटा नसतो आणि बाटलीही खोटी नसते. नमुना घेतला तिथपासून त्या माणसाच्या घरापर्यंत चार-पाच किलोमीटरची पाइपलाइन असते, आणि छोट्या गावात पिण्याच्या पाण्याचे जे बिघडते ते बहुतांशी या अंतरात बिघडते.

पाण्याच्या आपल्या चर्चेत मोठी शहरे येतात, कारण त्यांची धरणे किती टक्के भरली हे रोज छापून येते. खेडी येतात, कारण २०१९ पासून जलजीवन मिशनमुळे घरोघरी नळ हा विषय झाला. या दोन्हींच्या मधली, वीस हजारांपासून लाखभर वस्तीपर्यंतची नगरपरिषदांची आणि नगरपंचायतींची गावे मात्र चर्चेबाहेर राहतात. त्यांची रचना साधारण सारखीच असते. नदीवर किंवा तलावावर जॅकवेल, एक फिल्टर प्लांट, दोन-तीन उंच टाक्या, काही दशकांपूर्वी टाकलेल्या लाइनी, त्यांना वाढत्या वस्तीप्रमाणे जोडत नेलेली उपलाइनींची जाळी आणि हे सगळे चालवणारी मोजकी माणसे. त्यांतली निम्मीअधिक कंत्राटी. या गावांतल्या नळाचे पाणी कितपत सुरक्षित आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पाणी शुद्ध करण्याची पद्धत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही आणि बदलण्याची तितकी गरजही पडलेली नाही. नदीचे पाणी आले की त्याला हवा द्यायची, तुरटी किंवा पीएसी हे रसायन टाकून गाळाचे कण एकत्र आणायचे, ते तळाशी बसू द्यायचे, वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचा. हा क्रम नीट पाळला तर आपल्या बहुतेक नद्यांचे पाणी पिण्याजोगे होते. क्रमातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे काम हलके करते. गाळ नीट बसला नाही तर क्लोरीन वाया जातो, कारण तो गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतो आणि कणांच्या आड लपलेले जंतू सुटतात. म्हणून भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये गढूळपणाची इष्ट मर्यादा १ एनटीयू आणि दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त ५ एनटीयू अशी ठेवली आहे. मृग-आर्द्राच्या पहिल्या मोठ्या पावसात नदी लाल होऊन येते तेव्हा तुरटीची मात्रा दिवसातून अनेकदा बदलावी लागते. त्यासाठी काचेच्या भांड्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहण्याची साधी चाचणी आहे. ती करणारा प्रशिक्षित माणूस प्लांटवर नसला की ‘दरवर्षी इतकीच टाकतो’ या हिशेबाने तुरटी पडते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दवाखान्यांत गर्दी वाढते.

तरीही मी प्लांटला या कहाणीतला मुख्य दोषी मानत नाही. प्लांट एका जागी आहे, त्याच्यावर नजर ठेवता येते, तो दुरुस्त करता येतो. खरी अडचण रिकाम्या पाइपची आहे.

आपल्या गावांत पाणी ‘येते’ आणि ‘जाते’. दिवसाआड एक तास, चार दिवसांनी पाऊण तास, मराठवाड्यात आणि नाशिकच्या दुष्काळी पट्ट्यात आठ-दहा दिवसांनी. मनमाडकरांनी तर पंधरा-पंधरा दिवसांची पाळी वर्षानुवर्षे सोसली आहे. पाणी जाते तेव्हा पाइपमधला दाब संपतो. लाइनीत भोक असेल तर दाब असताना पाणी बाहेर गळते, दाब नसताना बाहेरचे पाणी आत शिरते. आपल्या गल्ल्यांत मुख्य लाइनीपासून घरापर्यंतची जोडणी बहुतेकदा गटार ओलांडूनच जाते, कधी गटारीच्या तळातूनच जाते. लोखंडी पाइप दहा-पंधरा वर्षांत गंजतो, सांध्यावर झिरपतो. सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो उघड्या गटारीत सोडलेला असतो. पाणी सुटण्याच्या वेळेला घरोघरी नळाला थेट मोटर लावली की लाइनीत ओढ निर्माण होते आणि जे आपोआप थोडे थोडे शिरत होते ते जोराने आत खेचले जाते. मोटर लावणाऱ्याला वाटते आपण फक्त शेजाऱ्याचे पाणी ओढतो आहोत. प्रत्यक्षात तो गटारीतलेही ओढत असतो, आणि ते पहिल्यांदा त्याच्याच घरात येते.

हा केवळ तर्क नाही, याची मोजणी झाली आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झाले आणि बाकी गावात जुन्याच पद्धतीने काही दिवसांआड येत राहिले. स्रोत तेच, प्लांट तेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने घेतले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत, चोवीस तास पाणी असलेल्या नळांच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जिवाणू, सापडला. खंडित पुरवठ्याच्या नळांत हेच प्रमाण ३१.७ टक्के होते. प्लांटमधून दोघांनाही सारखेच स्वच्छ पाणी मिळाले होते. त्याच गावांतल्या नंतरच्या आरोग्य-पाहणीत लहान मुलांच्या एकूण जुलाबांत लक्षणीय फरक दिसला नाही, कारण जुलाबाला हात, अन्न, माश्या अशी इतर कारणेही असतात. पण टायफॉईडचा रुग्ण झाल्याचे सांगणारी कुटुंबे अखंड पुरवठ्याच्या वॉर्डांत ४२ टक्क्यांनी कमी होती. मला या दोन अभ्यासांचे महत्त्व फार वाटते, कारण हुबळी-धारवाड आपल्यापासून दूर नाही आणि तिथली गटारी, गल्ल्या आणि सवयी आपल्यासारख्याच आहेत.

त्या अभ्यासमालेतली आणखी एक गोष्ट घरच्या माणसाला लगेच उपयोगी पडणारी आहे. पाणी सुटल्यावर सुरुवातीचे जे पाणी येते त्यात गढूळपणा आणि जंतू सर्वांत जास्त असतात. पाइपात साचलेले, शिरलेले, आतल्या भिंतींवरून सुटलेले सगळे पहिल्या धारेत येते. आपल्या आया-आज्या पहिले पाणी अंगण झाडायला, भांडी घासायला घेत आणि नंतर पिण्याचा हंडा लावत, ते अगदी बरोबर होते. आता पाऊण तासच पाणी येणार म्हटल्यावर पहिल्या धारेपासूनच टाकी भरायला लागते आणि ही जुनी शिस्त मोडते.

लाइनीत शिरलेल्या घाणीशी लढायला पाण्यासोबत एकच शिपाई पाठवता येतो, तो म्हणजे उरलेला क्लोरीन. टाकीत दिलेल्या क्लोरीनपैकी काही जंतू मारण्यात खर्च होतो, काही पाइपात, आणि उरेल तेवढा नळापर्यंत पोहोचतो. तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असे मानक सांगते. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर किमान ०.५. आणि या मोजणीबद्दल त्याच मानकात एक सूचना आहे, जिच्याकडे मला वाचकांचे खास लक्ष वेधायचे आहे: हा क्लोरीन ग्राहकाच्या टोकाला मोजायचा आहे. म्हणजे प्लांटवरच्या आकड्याने नियमाची पूर्तता होत नाही. मानकाच्या आणि शास्त्राच्या भाषेत ‘पाणी योग्य आहे’ हे वाक्य शेवटच्या नळावरच सिद्ध व्हायला हवे.

क्लोरीन मोजणे अवघड नाही. नळाच्या पाण्यात ओटी या द्रावणाचे काही थेंब टाकले की पिवळा रंग येतो, जितका गडद तितका क्लोरीन जास्त. आपल्या ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक ही चाचणी वर्षानुवर्षे करत आले आहेत. तिच्यापेक्षा अचूक अशी डीपीडी गोळी टाकून गुलाबी रंग पाहण्याची चाचणीही आता सहज मिळते. क्लोरीन कमी पडतो त्याची कारणे मात्र फार साधी आणि म्हणून फार संताप आणणारी आहेत. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओलाव्यात किंवा पत्र्याच्या तापलेल्या खोलीत पडून राहिले तर तो उडून जातो. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो पावडर लागते. पावडरीची ताकद निम्म्यावर आली असेल तर एक किलो लागेल. ताकद तपासलीच नाही तर कर्मचारी प्रामाणिकपणे अर्धा किलो टाकतो, वहीत तशी नोंद करतो आणि गावाला निम्माच क्लोरीन मिळतो. शिवाय क्लोरीनला जंतू मारायला साधारण अर्धा तास लागतो. टाकी भरता भरता पावडर टाकली आणि लगेच चावी सोडली तर जवळच्या घरांना क्लोरीनचा उग्र वास येतो, पाण्याला मात्र पुरेसा वेळ मिळालेला नसतो.

क्लोरीनमुळे कॅन्सर होतो अशी भीती अलीकडे लोक बोलून दाखवतात. क्लोरीन आणि पाण्यातले सेंद्रिय पदार्थ यांच्या संयोगाने ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार होतात हे खरे आहे आणि मानकात त्यांनाही मर्यादा घातलेल्या आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. ही संयुगे कमी करण्यासाठी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. उपाय आहे तो आधी गाळ नीट काढण्याचा. क्लोरीनचा वास आला म्हणून तक्रार करणाऱ्या गावांपेक्षा तो कधीच येत नाही म्हणून समाधानी असलेल्या गावांची मला जास्त काळजी वाटते.

विषाणूंसाठी ०.५ चा आकडा का, याचे उत्तर दोन साथींच्या इतिहासात सापडते. १९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतल्या वझिराबादच्या उपशापर्यंत मागे सरकले. जलखात्याच्या ते लक्षात आले, तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. टायफॉईडची, हगवणीची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत शहरात काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. जिवाणूंना पुरलेली मात्रा विषाणूला पुरली नव्हती. त्या काळच्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कित्येक वर्षांनी कळले की ही नेहमीची ‘ए’ कावीळ नव्हतीच. आज तिला हिपॅटायटिस-ई म्हणतात. २०१२ मध्ये हीच कावीळ इचलकरंजीत आली. तेव्हा इचलकरंजी नगरपरिषद होती, यंत्रमागांचे, दाट वस्तीचे, पंचगंगेच्या काठचे गाव. वर कोल्हापूरचे नाले नदीत येतात, खाली इचलकरंजीची जॅकवेल. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, हजारो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर मृत्यूचे प्रमाण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जाते. ज्या घरात गरोदर बाई आहे त्या घराने पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे, हे आशाताईंनी दारोदार सांगण्याइतके महत्त्वाचे आहे.

शहरांच्या काठावरच्या वस्त्यांचे हाल याहून वेगळे नाहीत. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या नांदेड, किरकटवाडी या गावांच्या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातपाय लुळे पडण्याचा हा आजार एरवी वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. इथे संशयितांची संख्या दोनशेवर गेली. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस मिळाले, आणि बोट पाण्याकडे गेले. नांदेडच्या विहिरीचे पाणी गाळण प्रक्रियेशिवाय, केवळ क्लोरीन टाकून दिले जात होते. नाव महापालिकेचे होते, पण पाणीयोजना ग्रामपंचायतीच्या काळातलीच राहिली होती. जिल्ह्याच्या प्रत्येक वाढत्या गावाभोवती अशा वस्त्या आहेत. त्यांना घरपट्टी लागू होते ती लगेच, फिल्टरचे पाणी मात्र कित्येक वर्षांनी.

जे उकळून जात नाही

आतापर्यंत बोललो ते जंतूंबद्दल. नदीवरच्या गावांचा तोच मुख्य प्रश्न आहे. पण जी गावे बोअरवर किंवा विहिरींवर जगतात, किंवा उन्हाळ्यात धरण आटल्यावर बोअरचे पाणी लाइनीत मिसळतात, त्यांच्या पुढे दुसरा प्रश्न असतो, क्षारांचा. त्यावर क्लोरीनचा आणि उकळण्याचा काहीच उपयोग होत नाही.

फ्लोराइडचे उदाहरण घ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत खडकातूनच फ्लोराइड पाण्यात उतरते. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ ही टोकाची मर्यादा. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, नंतर हाडे आणि सांधे आखडतात. झालेले नुकसान औषधाने भरून येत नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड कमी करण्याची स्वस्त पद्धत काढली, ती नलगोंडा पद्धत म्हणून जगभर ओळखली जाते. पद्धत चांगली आहे, पण रोज योग्य मात्रा देणारा माणूस तिला लागतो. त्यापेक्षा फ्लोराइड नसलेला स्रोत आणणे हेच शेवटी टिकाऊ ठरते.

नायट्रेट मात्र खडकातून येत नाही, ते आपणच जमिनीत घालतो. शेतातला युरिया, उकिरडे, शोषखड्डे, सेप्टिक टँक. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या पुढे मानक कुठलीही सवलत देत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरचे दूध पिणाऱ्या बाळांना त्याचा धोका सर्वाधिक, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे वीस टक्के भूजल नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते, आणि सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही आपली नावे आहेत. इथे एक घरगुती समजूत धोक्याची ठरते. पाणी उकळले की ते सर्वार्थाने शुद्ध झाले, असे आपण मानतो. नायट्रेट उकळून उडत नाही. पाण्याची वाफ होऊन उरलेल्या पाण्यात ते उलट दाट होते. अशा गावांत बाळाच्या दुधासाठी उकळलेले बोअरचे पाणी हा उपाय नाही.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा तर सर्वांना माहीत आहे. तिथे तीन-चार पिढ्यांनी खारे पाणी प्यायले, आणि मूत्रपिंडाच्या रोगांची तिथल्या गावांतली चर्चा आजही थांबलेली नाही. याच बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत, २०२४ च्या अखेरीला लोकांचे केस झपाट्याने गळू लागले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधले. केसगळतीचे कारण गहू असो वा आणखी काही, त्या तपासणीमुळे पाण्याचे एक जुने दुखणे उघड्यावर आले. केस गळेपर्यंत ते कोणी मोजायला आले नव्हते.

शिसे, कीटकनाशके, कारखान्यांची रसायने यांबद्दल छोट्या गावांत बोलण्यासारखी मोजणीच फार कमी आहे. पीव्हीसी पाइपांत टिकाऊपणासाठी शिशाची संयुगे वापरली जात. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी त्यावर बंधन आणले, पण त्याआधी जमिनीत गेलेले पाइप जमिनीतच आहेत. कापूस, द्राक्ष, भाजीपाल्याच्या पट्ट्यांतल्या गावांनी वर्षातून एकदा, निदान पावसाळ्याच्या सुरुवातीला, कीटकनाशकांची तपासणी करून घ्यायला हवी.

घरातला बंदोबस्त

लोकांनी यावर आपापला मार्ग काढला आहे, आरओ किंवा जार. आरओ क्षार काढतो, फ्लोराइड-नायट्रेटच्या गावांत त्याचा खरा उपयोग आहे. पण कोयना-वारणेचे मऊ पाणी पिणाऱ्या गावात तो गरजेपुरते खनिजही काढतो आणि गाळलेल्या प्रत्येक हंड्यामागे एक-दोन हंडे पाणी मोरीत सोडतो. पाण्यातले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितले होते. विक्रेते दारात येऊन पाण्यात दोन दांड्या बुडवतात, वीज सोडतात आणि पाणी तपकिरी झालेले दाखवतात. तो रंग दांडीच्या लोखंडाचा गंज असतो. विजेला वाट देण्याइतके क्षार असलेले कुठलेही निरोगी पाणी त्या खेळात तपकिरी होईल. आरओच्या पाण्यात क्षारच उरत नाहीत म्हणून ते तसेच राहते. घाबरून कर्ज काढून मशीन घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिले.

जारच्या गार पाण्याची स्थिती याहून वाईट. सीलबंद बाटलीला आयएस १४५४३ हे मानक लागू आहे. लग्नकार्यात, दुकानांत, शाळांत येणाऱ्या सुट्या जारवर बहुधा ना परवाना क्रमांक असतो ना चाचणीची तारीख. थंडपणालाच लोक शुद्धपणा समजतात. पुण्याच्या साथीनंतर महापालिकेने त्या भागातली अनेक खासगी आरओ केंद्रे बंद केली, ती परवाना आणि शुद्धता यांच्या अशाच त्रुटींमुळे.

जंतूंसाठी घरात सर्वांत भरवशाचा उपाय अजूनही उकळण्याचाच आहे. गॅस परवडत नसेल तर आरोग्य केंद्रात मिळणारे मेडिक्लोर थेंब, मात्र टाकल्यावर अर्धा तास थांबून. तुरटी फिरवल्याने पाणी निवळते, जंतू मरत नाहीत. निवळून मग क्लोरीन द्यावा. जुनी सुती साडी कमीत कमी चार पदरी करून पाणी गाळण्याने बांगलादेशातल्या खेड्यांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात. विषाणू मात्र साडीतून आरपार जातात. आणि आठ दिवसांचे पाणी साठवताना पिंपांची तोंडे घट्ट झाकलेली हवीत, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पाण्याच्या लांबलेल्या पाळीचे हे आणखी एक देणे.

हे सगळे करूनही एक गोष्ट सुटत नाही. घरातला बंदोबस्त ज्याच्याकडे पैसा, गॅस आणि वेळ आहे त्याला संरक्षण देतो. झोपडपट्टीतला सार्वजनिक नळ, शाळेची टाकी, एसटी स्टँडची पाणपोई, मजुरांच्या तळावरचा टँकर यांना तो देत नाही. त्यांचे संरक्षण पाइपातच व्हायला हवे.

ते होऊ शकते याचा पुरावा साताऱ्यात आहे. कराडला लागून असलेल्या मलकापूरने गेल्या दशकाच्या आधीच चोवीस तास पाण्याची योजना उभी केली. प्रत्येक जोडणीला मीटर, वापर वाढेल तसा वाढत जाणारा दर, जुन्या लाइनी काढून नव्या प्लॅस्टिकच्या लाइनी. सतत दाब राहिल्यामुळे घरोघरच्या मोटरी आणि जमिनीखालच्या टाक्या निरर्थक झाल्या. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील, ही सर्वत्र ऐकू येणारी भीती तिथे खरी ठरली नाही. माणूस पाणी साठवून ठेवतो आणि पुढची पाळी आली की शिळे म्हणून ओतून देतो, ही उधळण उलट थांबते. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असल्याचे जाहीर केले. लाखो यात्रेकरूंच्या गावाला जमले ते पंढरपूर-तुळजापूरला जमू नये असे कोणतेही तांत्रिक कारण मला दिसत नाही. कारण आहे ते पैशाचे आणि मनाचे. वर्षाला ठोक पाणीपट्टी, तीही निम्मी थकलेली, त्यातून वीजबिल थकते, महावितरण पंपाची वीज तोडते आणि दुरुस्तीला काहीच उरत नाही. मीटरला विरोध करणारे पुढारी गरिबांच्या नावाने बोलतात. त्याच गरिबाचे घर टायफॉईडच्या औषधांत किती खर्च करते, हे त्यांनी एकदा विचारावे.

नव्या टाकीचे भूमिपूजन होते, जुन्या लाइनीतली गळती शोधण्याचे होत नाही. निधीही तसाच येतो. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत छोट्या गावांनी नव्या उंच टाक्यांपेक्षा गटारीतून गेलेल्या घरगुती जोडण्या वर उचलण्यावर आणि एकेक वॉर्ड अखंड दाबाखाली आणण्यावर खर्च करावा. सगळे गाव एकदम होणार नाही. हुबळीतही ते काही वॉर्डांतूनच सुरू झाले.

तोवर निदान मोजणी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे पाच हजार लोकसंख्येमागे महिन्याला एक जंतू-तपासणीचा नमुना घ्यावा. चाळीस हजारांच्या गावाला महिन्याला आठ, आणि ते प्लांटवरचे नव्हेत, नळांवरचे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली एच-टू-एस बाटलीची चाचणी तर शाळकरी मुलेही करू शकतात. पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवले आणि काळे झाले की मैलाची शंका. खेड्यांच्या पाणी-चाचण्यांचे निकाल केंद्राच्या संकेतस्थळावर गावनिहाय दिसतात. ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते आणि लाल कार्ड मिळाले की ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात. नगरपरिषदेच्या फलकावर किंवा संकेतस्थळावर वॉर्डनिहाय क्लोरीनचा तक्ता मात्र क्वचितच दिसतो. १९६५ च्या नगरपरिषदा अधिनियमाने पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाषकुमार खटल्यात प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

तेव्हा वाचकांना विनंती आहे ती एवढीच. आपल्या नगरपरिषदेला माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा आणि त्यात तीन गोष्टी विचारा: गेल्या तीन महिन्यांत प्रत्येक वॉर्डातल्या शेवटच्या नळावर उरलेला क्लोरीन किती होता, जंतू-तपासणीचे किती नमुने नळांवरून घेतले आणि त्यांतले किती दूषित निघाले. उत्तर आले तर ते वॉर्डाच्या चौकात लावा. ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ असे उत्तर आले तर तेही लावा.